डेड लाइनीवरचा दिवा

संपादकांनी विजेवर लिहा म्हटलं. वीज खांबावर चढून दुरुस्त करायची असते, लिहायची नसते, असं मी त्यांना सांगून पाहिलं. पण दिवाळी अंकवाल्यांपुढे कोणाचं चाललंय? मग विचार केला, नोकरी कधी लागली, बढती कधी झाली हे कोण वाचणार. त्यापेक्षा एका शब्दावर लिहावं. आम्हा लाइनमनांना इंग्रजी येत नाही असं लोक समजतात. खरं तर आमचं निम्मं बोलणं इंग्रजीच असतं. फिडर, फ्यूज, जंपर, अर्थिंग. ही सगळी वस्तूंची नावं. विशेषण म्हणाल तर उभ्या आयुष्यात आम्ही एकच वापरलं, ते म्हणजे डेड.

लाइन बंद झाली की डेड. तार शेवटच्या ज्या खांबावर संपते तो डेड एंड. दोन तारा एकमेकींना सरळ चिकटल्या की डेड शॉर्ट. गोदामात गंजत पडलेलं सामान डेड स्टॉक. आणि करंटचा झटका बसून हात कोपरापर्यंत बधिर झाला की आम्ही घरी येऊन बायकोला सांगायचो, आज हात डेड झाला, भाकर कुस्करून दे.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त सर राहतात. निवृत्त झाल्यावर मीही रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. एकदा त्यांना विचारलं, सर, हा डेड कुठून आला? सरांना असं कोणी विचारत नाही. ते इतके खूश झाले की आतून स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, "शब्द फार जुना. 'मरणे' या क्रियापदापासून झालेला. आपल्या 'मेलेला'सारखाच. म्हणजे मुळात ज्याला जीव होता त्यालाच तो लागायचा. मग बधिर अंगाला लागला, विझलेल्या निखाऱ्याला लागला, निर्मनुष्य रस्त्याला लागला. पुढे त्याचा अर्थ 'पूर्ण', 'अगदी' असाही झाला. आणि तुम्ही लोकांनी तो तारेला लावला." डेडलाइन हा शब्द तर म्हणे एका तुरुंगी छावणीतून आला. कैद्यांभोवती आखलेली रेघ. ओलांडली की गोळी.

मी सरांना म्हटलं, आमच्यात एक माणूस होता, त्याला तुमच्या या शब्दाचा राग होता. तो हा शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही.

ते शब्बीरभाई. मंगरूळपीरचे, दर्ग्याच्या मागच्या गल्लीतले. माझ्याहून वयाने मोठे, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. नोकरीतली बहुतेक वर्षं आम्ही जोडीने काढली. लाइन बंद केली की खालून विचारायची पद्धत असते, डेड झाली का? शब्बीरभाई वरून सांगायचे, "झोपली." नवीन माणसं हसायची. एकदा एका ठेकेदाराच्या माणसाने विचारलंच, चाचा, झोपली काहून म्हनता? शब्बीरभाईंनी पक्कड खिशात ठेवली आणि म्हणाले, "मेलेलं उठते का रे? हे उठते. मंग हे मेलं कसं? तू मेली समजून हात लावशील आन् ते उठून बसन."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लाइन बंद करणं म्हणजे नुसतं सबस्टेशनवर बटण दाबणं नव्हे. बटण बंद झालं तरी तार कुठून तरी, कोणाच्या तरी जनरेटरमधून, एखाद्या चोरून टाकलेल्या आकड्यातून उलटी जिवंत होऊ शकते. म्हणून काम करण्याआधी त्या तारेवर लोखंडी साखळी टाकायची. साखळीचं दुसरं टोक जमिनीत. करंट असेल तर ठिणगी पडते, नसेल तर काही होत नाही. शब्बीरभाई साखळी टाकल्यावरही लगेच चढायचे नाहीत. बिडी काढायचे, सावकाश ओढायचे, तारेकडे बघत राहायचे. साहेब लोक वैतागायचे. पण आमच्या जोडीतला कोणी खांबावरून पडला नाही की चिकटला नाही, याचा मला अभिमान आहे आणि त्यातला मोठा वाटा त्या बिडीचा आहे.

गिऱ्हाइकं तर एकेक वल्ली. शेलूबाजारला एक किराणा दुकानदार होता. वडील वारून जमाना झाला, पण बिलावरचं वडिलांचं नाव बदलू द्यायचा नाही. मी म्हटलं, शेठ, एक अर्ज द्या, नाव बदलून देतो. तर म्हणाला, "राहू द्या न भाऊ. महिन्याले एकदा तरी कोनी बाबाचं नाव घेऊन दारात येते." पुढे मी त्याच्या दारात बिल घेऊन गेलो की मुद्दाम त्याच्या वडिलांचं नाव मोठ्याने घ्यायचो. आतून तो "आलो" म्हणायचा. एकदा मात्र दुकानात तो नव्हता, आणि तरीही आतून "आलो" असं ऐकू आलं. मी बिल उंबऱ्यावर ठेवून निघालो, थांबलो नाही. असेल कोणी पाहुणा.

पण मला सांगायचं आहे ते तलावातल्या दिव्याचं.

शेलूबाजारच्या पुढे, आतल्या बाजूला, एक सिंचन तलाव आहे. तलाव होताना एक गाव त्यात गेलं. माणसं वर माळावर नव्या गावात बसवली. गावाचं नाव मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गाव उठलं तेव्हा आमच्या खात्याने डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, काढून नेली, वरची लाइन तोडली, नकाशावर त्या फाट्यापुढे लाल अक्षरांत डेड असं लिहिलं आणि विषय संपवला. खांब मात्र काढायचे राहिले. पावसाळ्यात तलाव भरला की जुनं गाव पूर्ण बुडायचं. पाण्याबाहेर फक्त खांबांची डोकी दिसायची, आणि त्यातल्या एका डोक्यावर चावडीपुढचा जुना बल्ब आणि त्याची पत्र्याची टोपी. तारा बहुतेक चोरांनी नेल्या होत्या. काठावरून त्या खांबापर्यंत जाणाऱ्या दोन तारा मात्र कोणी नेल्या नाहीत. का नेल्या नाहीत याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही.

एका हिवाळ्यात बसचा कंडक्टर ऑफिसात आला. संध्याकाळच्या फेरीला पाळूवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जाताना तलावात दिवा लागलेला दिसतो म्हणाला. काठावर नाही, पाण्यात. "साहेब, पान्यातून खांब वर आला हाये आन् त्याच्यावर बल्ब जळून राह्यला. खाली पान्यात दुसरा. बाया गाडीत डोये मिटून घेतात."

आमचे साहेब तरुण होते, पण कान देणारे होते. त्यांनी नकाशा उघडला, लाल अक्षरं दाखवली. तरी जाऊन पाहून या म्हणाले.

आम्ही दोन-तीनदा गेलो. दिवसा गेलो तेव्हा काठावरच्या खांबावर साखळी टाकली. ठिणगी नाही. संध्याकाळी थांबलो तर दिवा लागला नाही. शेतीच्या पंपांची लाइन आमच्याकडे पाळीपाळीने असते, एका आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. आम्ही नेमके चुकीच्या पाळीला थांबलो होतो, हे पुढे कळलं. शेवटच्या खेपेला मात्र मी तो पाहिला. सूर्य नुकताच गेला होता. पाणी शिशासारखं स्थिर होतं. आणि समोर, जिथे माणूस जाऊच शकत नाही अशा ठिकाणी, विझलेला बल्ब हळूच लाल झाला, मग पिवळा झाला आणि जळत राहिला. खाली बुडालेलं गाव आहे, त्याची चावडी आहे, चावडीपुढे हा दिवा आहे, हे माहीत असताना ते पाहणं वेगळं. शब्बीरभाई हळू आवाजात काहीतरी पुटपुटले. अंधारात बाभळींमधून तार शोधत फिरायची आमची छाती झाली नाही. सकाळी पुन्हा आलो, साखळी टाकली. ठिणगी नाही.

त्या सकाळी काठावर नथ्थूजी भेटले. नथ्थूजी जुन्या गावच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. त्यांचं मुख्य काम दिवाबत्ती. तिन्हीसांजेला गावभर फिरून रस्त्यावरचे दिवे लावायचे, पहाटे बंद करायचे. गाव उठलं, नव्या गावात दिवे आपोआप लागायला लागले आणि नथ्थूजींना काम उरलं नाही. काठावर त्यांचं थोडं शेत होतं आणि तलावावर पंप. तिथे बाभळीखाली त्यांनी आम्हाला चुलीवर चहा करून दिला.

शब्बीरभाईंनी सरळ विचारलं, "नथ्थूजी, तलावात दिवा कोन लावते?"

"दिवा?" नथ्थूजी चुलीत फुंकर मारत म्हणाले. "मले तं नाई दिसला बापा."

मग नथ्थूजींनी कपबशा ठेवल्या आणि म्हणाले, "तहसीलात गेलतो मांगं. सातबाऱ्याच्या कामानं. तथी आमच्या गावाच्या नावापुढं बेचिराख लिहेल हाये. मी म्हनलं, साहेब, आमचं गाव जळालं नाई, पान्यात गेलं. तं म्हने, जिथं वस्ती नाई त्याले बेचिराखच लिवतात. सरकारी शब्द हाये."

शब्बीरभाईंचा चहा हातातच राहिला. ते म्हणाले, "चिराग म्हंजे दिवा, नथ्थूजी. बे म्हंजे बिगर. जिथं दिवा लागत नाई ते बेचिराग."

"मालूम हाये," नथ्थूजी म्हणाले. "मी दिवाबत्तीवाला हावो न."

परत येताना, दिवा कोण लावतं ते दोघांनाही कळलं होतं आणि दोघांनीही न कळल्यासारखं केलं. खांबाचं डोकं पाण्यात, तिथे माणूस जात नाही, तारेखाली कोणी येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळंच काढून टाकू, असं साहेबांना सांगितलं. साहेबांनी ठेकेदाराला कळवलं. ठेकेदार आमच्याकडे कधी वेळेवर येतो हे विजेच्या खात्याशी ज्याचा संबंध आला त्याला विचारा.

हिवाळा सरता सरता नथ्थूजी आजारी पडले, अकोल्याला दवाखान्यात नेले आणि तिथेच गेले. आम्हाला ते उशिरा कळलं. नव्या गावातल्या एका पानवाल्याने सांगितलं आणि वर म्हणाला, "पन दिवा चालू हाये बरं का."

"म्हंजे?"

"आता तं कवाबी लागते. रातचा लागते, पाह्यटी लागते. परवा भर दुपारी चालू होता. पयले तिन्हीसांजेलेच लागे. आता नथ्थूजीले येळेचं बंधन नाई राह्यलं." तो हसला नाही. म्हणाला, गावातली माणसं पाळूवरून जाताना हात जोडतात. कोणी तक्रार केली नाही. गेलेल्या माणसाची तक्रार ऑफिसात कशी करायची, हा त्यांचा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही.

मी ऑफिसात येऊन साहेबांना सांगितलं. त्या आठवड्यात वादळात बरेच खांब पडले होते, सगळी माणसं तिकडे. सणानंतर पहिलं काम हेच, असं ठरलं. सण म्हणजे अक्षय तृतीया.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला पितरांची घागर असते. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, पळसाच्या पत्रावळीवर चिंचवणी, शेवया वाढायच्या आणि गेलेल्यांना पाणी द्यायचं. या गावाची रीत मात्र वेगळी. यांचे पितर नव्या गावात येत नाहीत. नवं गाव त्यांनी पाहिलेलंच नाही, ते येतील कसे? म्हणून उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरून जुनं गाव उघडं पडलं की घरोघरच्या बाया भर दुपारी घागरी घेऊन तलावाच्या पोटात उतरतात आणि आपापल्या जुन्या उंबऱ्यावर घागर ठेवून येतात. भिंती विरघळून गेल्या आहेत, उंबऱ्याचे दगड तेवढे आहेत. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्या घरची घागर सगळ्यांच्या पुढे. आणि डोक्यावर घागर असेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कारण त्या वाटेवर हाक मारणारा जिवंत असेलच असं नाही.

आम्हाला ही रीत माहीत होती. पण वाट बरोबर त्या तारेखालून जाते हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आम्ही ती जागा कायम पाण्याखालीच पाहिली होती.

त्या दिवशी शब्बीरभाई आणि मी नव्या गावाच्या डीपीचा फ्यूज टाकायला आलो होतो. काम झालं. पाळूवर मोटारसायकल उभी करून पाणी प्यायलो. ऊन असं की पाळूचे दगड हलताना दिसत होते. खाली तलावाच्या मधोमध थोडं पाणी उरलं होतं आणि बाकी सगळीकडे भेगाळलेला करडा गाळ. त्यातून जुनं गाव वर आलं होतं. जोत्यांचे चौकोन, विहिरीचा कठडा, चावडीची पायरी. आवाज कसलाच नव्हता. गावात शिरणाऱ्या वाटेवर बायांची रांग चालली होती, प्रत्येकीच्या डोक्यावर लाल घागर. सगळ्यात पुढे नथ्थूजींची बायको गिरजाबाई. नथ्थूजींची ती पहिली घागर.

शब्बीरभाई चावडीपुढच्या खांबाकडे बघत होते. गाळ मऊ पडून तो खांब वाकला होता आणि त्याच्या दोन्ही तारा वाटेवर झोळ खाऊन माणसाच्या कपाळाइतक्या खाली आल्या होत्या. तारेखाली, ओल्या गाळात, एक कुत्रं आडवं पडलेलं होतं. झोपलेलं नव्हतं.

"वामनभाऊ," शब्बीरभाई म्हणाले, "बल्ब पाहा."

उन्हात जळणारा बल्ब दिसत नाही. डोळ्यांवर हात धरून पाहिलं तेव्हा काचेच्या आत लाल केसासारखी एक रेघ दिसली. दिवा लागलेला होता.

मी ओरडलो. गिरजाबाई, थांबा, तारेत करंट आहे, थांबा. शब्बीरभाईही ओरडले. एकही बाई वळली नाही. रांगेचा वेगसुद्धा बदलला नाही. आम्ही जितकं जोरात ओरडलो तितक्या त्यांच्या माना ताठ झाल्या, पदर पुढे आले. त्या रीतीला अगदी धरून वागत होत्या. त्या वाटेवरची हाक ऐकायची नसते.

शब्बीरभाई नथ्थूजींच्या पंपाच्या दिशेने बाभळींत धावले. मी मोटारसायकलवरची साखळी आणि काठी उचलून उताराने खाली धावत सुटलो आणि धावताना सबस्टेशनला फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, "कोणता फिडर पाडू?"

आणि मला उत्तर देता येईना. नकाशावर ती लाइन डेड होती. डेड लाइनीला फिडर नसतो, म्हणजे सबस्टेशनवर बंद करायला तिचं स्वतःचं बटणच नसतं. ती आमच्या सबस्टेशनवरून जिवंत होती की पलीकडच्या, मला माहीत नव्हतं.

"सगळे पाड," मी म्हणालो.

"सगळे? पुऱ्या भागाची लाइन जाईन. साहेबाले विचारतो."

फोन तसाच हातात ठेवून मी पळत राहिलो. भेगांत पाय अडकून पडलो, उठलो. त्या बाईच्या नवऱ्याने गावासाठी लावलेला दिवा त्याच बाईला घेऊन जाणार, तेही त्याच्याच नावाची घागर तिच्या डोक्यावर असताना, एवढं एकच डोक्यात होतं.

मी अजून बराच मागे असताना गिरजाबाई थांबल्या.

त्या एकदम थांबल्या. मागची रांगही थांबली. डोक्यावरची घागर हलली नाही. तार त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. मी धापा टाकत पोचलो, त्यांच्या पुढे झालो आणि दोन्ही हात पसरून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून वर, बल्बकडे पाहत होत्या. मीही वर पाहिलं. आतली लाल रेघ गेली होती.

काठावरून शब्बीरभाईंनी पंचा हलवला. खाली, खाली, म्हणजे लाइन बंद आहे, अशी खूण. मी साखळी टाकली. ठिणगी नाही. बिडी माझ्याकडे नव्हती, पण मी तेवढा वेळ थांबलो. मग तारा काठीने उचलून धरल्या आणि बाया एकामागून एक खालून गेल्या. गिरजाबाईंनी आपल्या उंबऱ्यावर घागर ठेवली, पत्रावळ ठेवली, डोकं टेकवलं आणि मग पहिल्यांदा बोलल्या.

"त्याहीनं आडवा हात केला," त्या म्हणाल्या. "दिवा लावाले जात तवा मी मांगं निघाली का असाच करत. थांब, तू नको येऊ, चिखल हाये म्हनत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सबस्टेशनचा ऑपरेटर. "साहेब फोन उचलून नाई राह्यले. काय करू, पाडू का फिडर?"

म्हणजे त्याने काहीच बंद केलं नव्हतं.

आम्ही शब्बीरभाईंकडे गेलो. पंपाशेजारी लोखंडी पेटी होती, तिचं कुलूप त्यांनी पान्ह्याने फोडलेलं. आत पंपाच्या स्विचशेजारी दुसरा जुना मेन स्विच, दांडी वर केली की चालू, खाली ओढली की बंद. त्याच्यापासून निघालेली तार बाभळींच्या फांद्यांमधून, पानांत लपत, आमच्या डेड खांबावर गेली होती. आयुष्यभर दिवे लावलेल्या माणसाचं काम, सांधे आमच्यापेक्षा सुबक. दवाखान्यात जाण्याआधी नथ्थूजींनी काय केलं तेही समजलं. स्विचची स्प्रिंग गेलेली, दांडी आपोआप खाली यायची. आपण नसताना दिवा लागायला हवा म्हणून त्यांनी दांडी सुतळीने वरच्या खिळ्याला बांधून ठेवली होती. तेव्हापासून शेतीची लाइन येईल तेव्हा दिवा लागत होता, मग भर दुपार असो की पहाट.

"तुमी बंद केला ना?" मी शब्बीरभाईंना विचारलं.

"म्या कुलूप फोडलं तं दांडी खालतीच होती," ते म्हणाले. त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "पाहा."

सुतळी मजबूत होती. कुजलेली नव्हती, जळालेली नव्हती. तुटलेली नव्हती. गाठ सुटलेली होती.

लाइनमन म्हणून मी यावर बरंच बोलू शकतो. पंपाच्या लाइनीत हादरा येतो, पेटी थरथरते, उन्हाने लोखंड फुगतं, गाठ ढिली पडते. हे सगळं होऊ शकतं. दोन-अडीच महिने घट्ट राहिलेली गाठ बंद पेटीत नेमकी त्याच घटकेला सुटली, एवढंच मला बसवता येत नाही. मी तो प्रयत्न सोडून दिला आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब, शब्बीरभाई, मी आणि खात्याची माणसं तारा काढायला गेलो. साहेब म्हणाले, चोरीबिरीचं काही लिहायचं नाही, मीटर नथ्थूजींच्याच पंपाचं होतं. चढणाऱ्याला घेऊन पडू नये म्हणून वाकलेला खांब आम्ही दोरांनी ताणून सरळ केला, तारा वर घेतल्या. कापायची वेळ आली तोवर दिवस कलला होता. काठावर नवं गाव येऊन उभं होतं. गिरजाबाई पेटीजवळ आल्या.

"भाऊ, तार कापली का आमचं गाव बेचिराख होईन न?"

साहेबांनी मान खाली घातली. शब्बीरभाईंनी हातातली पक्कड खिशात ठेवली.

"एक डाव लावा," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांज झाली हाये. मंग कापा."

साहेबांनी सबस्टेशनला फोन करून पाळी नसतानाही शेतीची लाइन चालू करायला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. खाली कोणी नाही याची मी दोनदा खात्री केली आणि दांडी वर केली. गाळातल्या गावात, चावडीपुढे, बल्ब लाल झाला, मग पिवळा झाला. चावडीची पायरी दिसली. विहिरीचा कठडा दिसला. नथ्थूजींच्या उंबऱ्यावरची घागर दिसली. काठावरच्या माणसांनी हात जोडले. गिरजाबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि मला म्हणाल्या, करा आता.

मी दांडी खाली ओढली.

नोकरीत मी किती लाइनी बंद केल्या असतील त्याला हिशेब नाही. त्या सगळ्या झोपल्या आणि सगळ्या उठल्या. ही एकच मी मारली. सर म्हणतात की ज्याला जीव होता त्यालाच तो शब्द लागतो, आणि ते मला पटतं, कारण त्या संध्याकाळी माझ्या हाताला ते कळलं होतं.

एक गोष्ट अहवालात लिहिली नाही, ती इथे लिहितो. दांडी खाली आली, आतली दोन्ही पाती सुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग मान वर केली. दिवा जळत होता. एक श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ तो जळत राहिला, आणि मग लावणाऱ्या माणसाने सावकाश बंद करावा तसा, पिवळ्याचा लाल होत, विझला.

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून बिडी काढली.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आत्ताच कापू नका."